शेवरीचा वाटा

मार्गशीर्ष उतरणीला लागला की लातूरच्या गंजगोलाईत भाजीचे ढीग बदलतात. तुरीच्या आणि वालाच्या शेंगा, पावटा, हरभऱ्याचा कोवळा पाला, चिंचेचे हिरवे आकडे. बाजूला आंबील न्यायची मातीची लहान मडकी उलटी रचून ठेवलेली असतात. येळवस आली हे मग कुणी वेगळं सांगावं लागत नाही. पंचांगातलं तिचं नाव वेळ अमावस्या. त्या दिवशी हे शहर शेतात जातं. दुकानांची शटर खाली, रिक्षास्टँड मोकळा, दाळमिली गप्प. एरवी क्लासच्या पोरांनी भरलेले रस्ते संचारबंदी लागल्यासारखे दिसतात. बातमीत हे वाक्य दर वर्षी छापून येतं आणि दर वर्षी ते खरं असतं.

याच दिवसांत शेवरी फाटकाशी जास्त वेळ उभी राहायला लागते. हवा कोरडी आणि थंड झाली की तिच्या नाकाला काहीतरी लांबचं कळतं. ती भुंकत नाही. मान ताणून, पुढचा एक पाय किंचित उचलून, गल्लीच्या टोकापलीकडे पाहत राहते. आता तिचं तोंड पांढरं झालंय. पळणं आखूड झालंय, पण सकाळी पट्टा हातात घेतला की अंगातून जी थरथर जाते, ती तेव्हासारखीच आहे. तेव्हा म्हणजे ती शहरात आली त्या हिवाळ्यात.

शेवरी कारवानी जातीची कुत्री. लातूर-नांदेडकडच्या खेड्यांना ही जात नवी नाही. घोडेवाल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर हे कुत्रे आले, असं जुनी माणसं सांगतात. डोकं निमुळतं, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, पाय अंगापेक्षा मोठे. शेताच्या बांधाला शेवरी नावाचं एक झाड लावतात, बारीक आणि उंच, वाऱ्याबरोबर सगळं अंग हलणारं. पिल्लू असतानाच सासऱ्यांनी तिला ते नाव दिलं. मी त्यांना मामा म्हणतो, माझी बायको शैला त्यांना आबा म्हणते. देवणीच्या बाजूला त्यांची काळी रानं आहेत.

त्या वर्षी मामांचे गुडघे गेले. बांधावरून चालणं बंद झालं आणि बाज अंगणात आली. शेवरी तेव्हा भर उमेदीत होती. या जातीला रोज पळायला लागतं. पळायला मिळालं नाही की ती ताकद दुसरीकडे निघते. तिने कडब्याची गंजी उकरली, शेळीच्या दाव्याचे तुकडे केले, एकदा मामांच्या जोडातली एकच चप्पल नेऊन आडात टाकली. आजूबाजूच्या गावांतून तिला मागणी यायला लागली. मागणारे कशासाठी मागत होते हे सगळ्यांना माहीत होतं.

"सशामागं सोडायला मागायलेत," मामा म्हणाले. "कायदा हाय, ते तर हायेच. पण मला बी आता ते बघवत न्हाई."

"मग मी लातूरला नेते," शैला म्हणाली.

मामा हसले. "अगं, तुझ्या गल्लीत ती वळायची कशी? मोटारीवानी मागं घ्यायची का तिला?"

"घेईन मागं."

"शहरात ही जात टिकत न्हाई, माय."

"बघू की."

शैलाच्या तोंडून 'बघू की' आलं म्हणजे विषय संपलेला असतो. मामांना हे माझ्या आधीपासून माहीत होतं. त्यांनी दाराआडचा कातड्याचा पट्टा काढून दिला.

आमची गल्ली क्लासच्या भागात. दोन्ही बाजूंना मुलामुलींची वसतिगृहं, मेसच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं. मधल्या एका मजल्याच्या घरात आम्ही, शेजारी महानंदा काकू. शेवरीने पहिल्या आठवड्यात दाराचा पडदा उतरवला, कुंड्यांची माती अंगणभर केली आणि जागच्या जागी उडी मारून कंपाउंडच्या भिंतीवर चढून उभी राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या पोरी किंचाळल्या. ती मात्र एखाद्या गवंड्यासारखी निवांत खाली बघत होती.

मग घराने तिच्याभोवती वेळापत्रक बांधलं. माझं वर्तमानपत्रातलं काम संध्याकाळनंतरचं, त्यामुळे सकाळ मोकळी होती. उजाडायच्या सुमाराला स्कूटरच्या मागे शैला, पायाशी कशीबशी घडी घातलेली शेवरी, आणि रिंगरोडच्या पलीकडे, जिथे प्लॉट पाडून पांढरे दगड रोवलेत पण घरं अजून झालेली नाहीत, तिथपर्यंत आम्ही जायचो. तिथे पट्टा सुटायचा. या जातीचं पळणं ज्याने पाहिलं नाही त्याला कुत्रा पळतो म्हणजे काय हे अर्धवटच माहीत असतं. अंग धनुष्यासारखं आवळतं आणि सुटतं. आवळलं तेव्हाही चारही पाय जमिनीपासून सुटलेले, ताणलं तेव्हाही सुटलेले. जमिनीला ती लागते ती मधल्या मध्ये. आवाज जवळजवळ नाहीच. दवाने ओलं झालेलं गवत सपकन कापल्यासारखं होतं आणि एवढ्यात ती दूरच्या विजेच्या खांबापाशी असते. परत येते तेव्हा जीभ बाहेर, डोळे शांत. घरी आल्यावर दिवसभर गादीवर झोपायची. अंगावर चरबी नसल्याने फरशी तिच्या हाडांना टोचते आणि थंडी सरळ आत शिरते. शैलाने जुन्या गोधडीची झूल शिवली. झूल घालून ती पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा झेरॉक्सवाला ओरडला, "वहिनी, वरात कुठं निघाली?"

खरी अडचण तिच्या धावण्याची नव्हती. तिच्या बरगड्यांची होती.

या जातीच्या निरोगी कुत्र्याच्या बरगड्या दिसतात. पाठीचे मणके मोजता येतात. कंबर मुठीत मावेल असं वाटतं. बांधणीच तशी आहे. पळणाऱ्या जिवाने अंगावर जादा काही ठेवलेलं नसतं. पण मराठवाड्यात माणसाला माणूस भेटला की पहिला प्रश्न जेवणाचा असतो. इथल्या प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांनी कोरडी वर्षं पाहिलेली आहेत. हडकलेलं जनावर म्हणजे काय, ते कशाचं लक्षण असतं, हे त्यांच्या डोळ्यांत पक्कं बसलेलं आहे. त्या डोळ्यांना शेवरी देखणी दिसणं शक्य नव्हतं. त्यांना ती उपाशी दिसायची आणि ती ज्या घरात राहते ते घर कंजूष.

"शैला, कुत्रं पाळायचं तर खाऊ घालावं गं बाई," महानंदा काकू भिंतीपलीकडून म्हणायच्या. गळ्यातलं इष्टलिंग साडीच्या पदराआड, हातात वाटी. घर कडक शाकाहारी, पण दुधाला तिथे तोटा नव्हता.

"काकू, ती अशीच असती. जातच तशी हाय."

"अशी कुठं जात असती? माझी धाकली जाऊ टायफाइडमधून उठली तवा अशी दिसत होती."

"तुमच्या जावेला म्हणावं, आमच्या शेवरीसंगं पळून दाखवा."

"पळतीय बिचारी भुकेनं," काकू म्हणायच्या आणि वाटी खाली ठेवत नसत.

वसतिगृहातल्या पोरींचं वेगळंच. घरापासून लांब आलेल्या, मेसच्या पातळ वरणाला कंटाळलेल्या, सराव परीक्षेच्या गुणांनी बेजार झालेल्या पोरी. दाराशी बसलेल्या शेवरीच्या डोक्यावरून हात फिरवला की त्यांचा दिवस जरा बरा जायचा. "अंकल, हिला जेवायला देता ना?" हा प्रश्न रोज वेगळ्या तोंडातून यायचा. उत्तर दिलं की पोरगी मान डोलवायची, आणि पाठ वळली की बॅगेतून बिस्किटाचा पुडा निघायचा. कोपऱ्यावरच्या बांधकामावरचा कानडी राखणदार कालचा भात कागदावर ठेवायचा. यातल्या कुणालाही दुसऱ्याचा पत्ता नव्हता. प्रत्येकाला वाटायचं, हिच्या पोटात आज आपलंच काय ते पडलं.

दिवाळी उलटून थंडी स्थिर झाली होती. त्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळे सगळेच हात मोकळे होते. दूधभाकरी, बिस्किटं, भात, मेसमधली उरलेली इडली. हे सगळं नंतर एकेकाकडून कळत गेलं. दुपार व्हायच्या आत भिंतीवरून एक मुंगूस गेलं. शेवरीने भिंत ओलांडली आणि मोकळ्या प्लॉटमधून त्याच्यामागे मनसोक्त पळून आली.

आली ती बसेना. अंगणात इकडून तिकडे, तिकडून इकडे. तोंडातून लाळेची तार. ओकायला मान खाली घालायची, अंग पिळून निघायचं, पण बाहेर काही पडायचं नाही. शैलाने तिच्या कुशीवर टिचकी मारली. पोट हलगीसारखं वाजलं.

"रिक्षा बोलवा," ती म्हणाली. "आत्ता."

रिक्षावाल्याने शेवरीकडे बघून विचारलं, "ताई, चावत तर न्हाई ना?"

"तिला स्वतःचं भान न्हाई, तुम्हाला काय चावती. चला, भाऊ."

जनावरांच्या डॉक्टरांनी हात लावला आणि प्रश्न विचारणं थांबवलं. जठराला पीळ पडला होता. खोल छातीच्या कुत्र्यांत हे होतं, असं त्यांनी नंतर समजावून सांगितलं. जठर आत झोळीसारखं लोंबतं. भरलेली झोळी घेऊन कुत्रा धावला की ती गरकन फिरू शकते. दोन्हीकडची वाट बंद होते आणि आत हवा भरत जाते. मग हातात फार वेळ उरत नाही.

तिचं पोट उघडावं लागलं. डॉक्टरांनी पीळ सोडवला आणि जठर पोटाच्या आतल्या भिंतीला शिवून टाकलं.

"आता ते सहसा फिरणार नाही," हात पुसत ते म्हणाले. "पण फुगणारच नाही असं मी लिहून देणार नाही. थोडं थोडं खायला द्यायचं. खाण्याच्या आधी, खाण्याच्या नंतर पळणं बंद. पळून आली तर दम बसून अंग थंड होईपर्यंत अन्न नाही. आणि बाहेरचं काही म्हणजे काहीच नाही."

"पुन्हा फुगलं तर?" मी विचारलं.

"आज वेळेत आणलंत. दर वेळी वेळेत पोचाल?"

त्या दिवसापासून घरात शैलाचा हुकूम चालू झाला आणि त्याला अपवाद नव्हता.

ही गोष्ट महानंदा काकूंना सांगणं अवघड होतं. त्या स्वतःच आल्या. टाके घातलेली शेवरी गादीवर पडलेली. गळ्यात प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून केलेली कॉलर, टाके चाटता येऊ नयेत म्हणून. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"माझ्या भाकरीनं झालं व्हय गं?"

"तुमच्या एकटीच्या न्हाई, काकू. सगळ्यांनी माया केली, ती एकदम झाली."

काकू बराच वेळ तिथे बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची घरातून निघून फाटकाच्या कडेला आली. तांदूळ निवडत, गवारी मोडत त्या तिथेच बसायला लागल्या. पोरींचा घोळका आला की आवाज चढायचा. "ए, बिस्कुट आत! आधी आत ठिवा. तुमची आई इथं न्हाई म्हणून हिचा जीव घेता का?" पोरी हसायच्या, पण पुडा आत जायचा. राखणदाराला त्यांनी कानडीत काय सुनावलं ते कळलं नाही. भाताचा कागद मात्र पुन्हा दिसला नाही.

आजारपणातला शिकारी कुत्रा ही एक वेगळीच शिस्त आहे. त्याला दुखतं हे तो दाखवत नाही, म्हणून माणसालाच पाहत राहावं लागतं. शेवरी झोपेत पळायची. पाय गादीवर खरखरायचे, ओठ थरथरायचे. जागी झाली की बादलीच्या कॉलरमधून आमच्याकडे बघायची. त्या बघण्याला भुलायचं नाही, हे शैलाने ठरवून टाकलं होतं. अन्न वाटीने मोजून, थोड्या थोड्या वेळाने. भाकरीचा चुरा, उकडलेलं अंडं, जरासा भोपळा. वाटी चाटून झाली की तिचं नाक शैलाच्या हाताला लागायचं.

"न्हाई," शैला म्हणायची.

एवढंच. लाडाचा आवाज नाही, रागाचाही नाही. रोज, प्रत्येक वाटीनंतर तेच. प्रेमाला नकाराचं रूप देणं या मुलखात कुणाला शिकवलेलं नसतं. इथे पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तरी वाढणारा बोटांच्या फटीतून वाढतो. शैला असल्याच घरात वाढलेली. तिला हे 'न्हाई' रोज नव्याने उचलावं लागत होतं. वाटी मात्र दुसऱ्यांदा भरली गेली नाही.

आजही गल्लीत नव्या बॅचच्या पोरी येतात, आजही त्यांना बरगड्या दिसतात. आता जुन्या पोरीच नव्यांना सांगतात. त्या हिवाळ्यात मात्र सांगणारं कुणी नव्हतं, आणि येळवस तोंडावर आली होती.

मामांचा फोन आला. "येळवशीला तिला घेऊन या."

"आबा, तिला बरं वाटू द्या आधी."

"तिचा वाटा हाय, शैले. ती शहरात गेली म्हणून वाटा मोडत न्हाई."

वाटा म्हणजे काय हे मला त्या फोननंतर नीट कळलं. येळवशीला रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. आंबील, शेंगा आणि पाल्याची घट्ट भाजी म्हणजे भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे उंडे, आणि खीर यांचा नैवेद्य होतो, आंबील पिकात शिंपडली जाते आणि मग बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी कुणाला नाही म्हणायचं नसतं आणि कुणी नाही म्हणायचं नसतं. मामांच्या रानात याला आणखी एक जोड होती. नैवेद्याचा पहिला उंडा रानाची राखण करणाऱ्या कुत्र्याचा. त्यांच्या आजोबांपासून त्या घरात कारवानी कुत्री आहेत. डुकरं, हरणं पिकात उतरली की हाकलायचं काम त्यांचं. त्यांचा घास झाल्याशिवाय घरातल्या माणसाने जेवायचं नाही.

शैलाने तिला काकूंकडे ठेवायचा विचार केला. पण काकूही त्यांच्या रानात निघाल्या होत्या, सगळी गल्ली निघाली होती. रिकाम्या शहरात तिला एकटी ठेवता येत नव्हतं. भाड्याची जीप ठरली.

पहाटेच्या धुक्यात मांजरा नदीचं पात्र दिसत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडईची काटेरी पिवळी फुलं, पोटरीत आलेली ज्वारी. रानात पोचलो तेव्हा कोपीवर शाल घालणं चाललं होतं. मामांना बाजेसकट बैलगाडीतून आणलं होतं. गाडीचे देवणी बैल बाजूला कडबा चावत उभे. शेवरीने मामांना पाहिलं आणि सगळं अंग वळवळवत त्यांच्या मांडीत डोकं खुपसलं. मामांनी तिच्या पोटावरून हात फिरवला. टाक्यांच्या वणावर हात थांबला.

"लई कापलं गं."

"हाव," शैला म्हणाली. "वाचली."

डॉक्टरांनी पळायला नुकतीच परवानगी दिली होती, रिकाम्या पोटी आणि मोजकं. हरभऱ्याच्या पलीकडे जमिनीचा एक तुकडा पडीक होता. शैलाने पट्टा सोडला. शेवरी आधी जागच्या जागी उभी राहिली, जणू विचारत होती, खरंच? मग निघाली. पहिल्या वळणावर जरा जपून, दुसऱ्या वळणावर अंग सैल, आणि मग ते जुनं आवळणं आणि सुटणं. ओल्या काळ्या ढेकळांवरून ती जात होती आणि मामा बाजेवर कोपरावर उठून बसले होते.

"पाय इसरली न्हाई," ते म्हणाले.

शैलाने शीळ घातली. ती परत आली, धापा टाकत कोपीच्या सावलीत पसरली. तिला चार घोट पाणी मिळालं. तेवढ्यात पूजा झाली, नैवेद्य झाला, आणि मामांनी ताटातला पहिला उंडा उचलला.

"आबा, आत्ता न्हाई," शैला म्हणाली.

"मंजी?"

"पळून आलीय. दम बसू द्या, अंग थंड होऊ द्या. आत्ता पोटात घास गेला अन् फुगलं, तर इथनं दवाखाना किती लांब हाय तुम्हालाच ठावं."

"मग कवा?"

"उन्हं कलली की."

"तवर?"

"तवर तुम्ही जेवा."

"तिच्या आधी?" मामांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने कोपीवर पाय ठेवला होता. "माझ्या आज्यानं जे केलं न्हाई ते मी गुडघे गेले म्हणून करू?"

"मग नका जेवू."

"न्हाई जेवत."

बापलेक दोघांनी तोंडं दोन दिशांना फिरवली. मामांनी उंडा स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि मांडीवर ठेवला. घरातलं कुणीच मग ताटाला हात लावू शकत नव्हतं. भज्जीचा, लसणाच्या फोडणीचा, गुळाच्या खिरीचा वास कोपीभोवती तरंगत होता. बांधावरून माणसं येत राहिली. त्यांना हाक मारली गेली, पत्रावळी मांडल्या गेल्या, आंबिलीचे पेले भरले गेले. शैला वाढत होती आणि उपाशी होती. मी पेले देत होतो आणि उपाशी होतो.

"आबा, तुमचं व्हायचंय का?" जो तो विचारायचा.

"व्हायचंय," मामा म्हणायचे.

शेजारच्या रानातले बाबूराव दुसऱ्यांदा वाढून घेत हसले. "जावयाला बी उपाशी बसवलंय. काय भानगड हाय? एकादशी धरली का अमावसेला?"

"तसंच समजा," मी म्हणालो.

"अन् ह्या शेवरीला कोण इचारतंय का न्हाई? बरगड्या बगा की तिच्या!" असं म्हणत बाबूरावांनी भाकरीचा मोठा तुकडा भज्जीत बुडवला आणि कोपीच्या सावलीकडे हात लांबवला. शेवरीचं डोकं वर झालं. शैला चुलीपाशी होती, तिथून पोचणं शक्य नव्हतं.

"हात मागं घ्या!"

आवाज मामांचा होता. बाजेवरून ते जवळजवळ उभे राहिले होते, जे गुडघ्यांना अजिबात परवडत नव्हतं. बाबूरावांचा हात हवेतच थांबला. येळवशीच्या दिवशी त्या रानात कुणाच्या घासाला कुणी अडवल्याचं तिथल्या एकाही माणसाने पाहिलेलं नव्हतं. ज्या रानात हाक मारून खाऊ घालतात तिथे मालकच ओरडला होता.

"तिला द्यायचं न्हाई," मामा खाली बसत, आवाज उतरवत म्हणाले. "तिच्या तब्येतीला चालत न्हाई. राग मानू नका, बाबूराव. तुम्ही जेवा, पोटभर जेवा."

बाबूरावांनी तो तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. मग कुणीतरी पाण्याचा तांब्या मागितला आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. शैला चुलीपाशी पाठमोरी होती. पदराने डोळे पुसले ते धुरामुळे, असं तिने मला नंतर सांगितलं.

उन्हं पश्चिमेला वळली. हरभऱ्यावर सावली लांब पडायला लागली. पाहुणे पांगले. शेवरी उठली, पुढचे पाय लांब करून तिने अंग ताणलं आणि जांभई दिली. शैला तिच्याजवळ उकिडवी बसली. दोन्ही कुशींवर तळवे ठेवले, हलकेच दाबलं, कान लावला. नाकपुड्यांजवळ हात धरून श्वास पाहिला.

"चालतंय," ती म्हणाली.

मामांनी फडकं उलगडलं. उंडा सुकून घट्ट झाला होता. त्यांनी त्यातला मोठा तुकडा मोडला आणि लेकीकडे पाहिलं.

"एवढं?"

"लहान."

त्यांनी निम्मा केला. "एवढं?"

"अजून लहान, आबा."

आता बोटांत सुपारीएवढं उरलं. मामांनी ते तळहातावर घेतलं, पांडवांच्या दगडांकडे एकदा पाहिलं, आणि हात खाली नेला. शेवरीने तो तुकडा अगदी अलगद, ओठांनी, उचलला. गिळला. नाक पुन्हा त्यांच्या हाताला लागलं.

मामांची बोटं उरलेल्या उंड्यावर हलली. शैला नुसती पाहत राहिली.

"न्हाई," मामा शेवरीला म्हणाले. आवाज लाडाचा नव्हता, रागाचाही नव्हता.

मग तो सुकलेला उंडा त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला आणि आमच्याकडे हात केला. "बसा आता. वाढ गं, शैले."